दरवाजा बसत नाही म्हणून दरवाजालाच ठोकू नका

प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतात, गोंधळ मात्र एकच. जुनी गाडी उघडली, पत्राकाम केलं, आता दरवाजे, बॉनेट, मडगार्ड यांच्या फटी जुळत नाहीत आणि मिस्त्री म्हणतोय, "लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरून देतो, कुणाला कळणार नाही." म्हणून या वेळी जुळवणीचेच प्रश्न घेतले आहेत.

अँबेसेडरचे सगळे सुटे भाग काढलेत. बसवताना आधी बॉनेट-मडगार्ड घ्यावं की दरवाजे? (निपाणी)

दरवाजे, आणि तेही मागून पुढे. मागचा खांब बॉडीचाच भाग आहे, तो सरकत नाही. त्याला धरून मागचा दरवाजा बसवा, मागच्या दरवाजाला धरून पुढचा, पुढच्या दरवाजाला धरून मडगार्ड आणि शेवटी बॉनेट. उलटीकडून सुरुवात केलीत तर सगळी चूक येऊन मागच्या खांबापाशी साठते आणि तिथे काहीच हलवता येत नाही. मडगार्डचे बोल्ट आधी हातानेच लावा, पान्याने आवळायची घाई नको.

फट नक्की किती असावी? (शहापूर, बेळगाव)

साधारण ४ ते ५ मिमी, आणि वरपासून खालपर्यंत एकसारखी. आजच्या गाड्यांच्या फटी बघून जुन्या गाडीकडून ती अपेक्षा करू नका. कारखान्यातून निघाली तेव्हाही ती तशी नव्हती.

माझ्या पद्मिनीच्या दरवाजांखालच्या पेट्या दोन्ही बाजूंनी गंजल्या आहेत. गाडी आधी गोव्यात होती. दरवाजे काढून ठेवलेत. मिस्त्री म्हणतो, दोन्ही पेट्या एकदम कापून दोन दिवसांत नव्या लावतो. काही हरकत आहे का? (खानापूर)

आहे. काम आजच थांबवा.

पद्मिनी काय, अँबेसेडर काय, या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. दरवाजाखालची ती पोकळ पेटी नुसती शोभेची पट्टी नसते, पुढचं इंजिन आणि मागचा भाग यांच्यामधला भार ती आणि तळाचा पत्रा मिळून पेलतात. दाराच्या चौकटीचा उंबरा काढला की खांब जसे मोकळे होतात, तसंच इथे होतं. गाडी चाकांवर उभी असताना पेटी कापली तर मधला भाग खाली बसतो, खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात आणि दरवाजाच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातली फट मिटते. मधोमध जॅक लावून कापली तर उलटं होतं, वरची फट फाकते. त्याच अवस्थेत नवी पेटी वेल्ड केली की ते वाकडेपण कायमचं. पुढे बिजागऱ्या कितीही सरकवा, दरवाजा बसत नाही. मग मिस्त्री दरवाजाच पिळतो, कडा ठोकतो, वर लांबी थापतो. दोष बॉडीत असतो आणि मार दरवाजा खातो.

करायचं कसं ते सांगतो. पेट्रोलची टाकी आधी बाहेर, बॅटरी सुटी. जमीन सपाट हवी, आणि टेकू चाकांचा भार बॉडीवर जिथे येतो त्या जागांजवळ. प्रत्येक दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा. नंतर खांबाखांबांत आतून चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे आधार टाचून (वेल्डिंगचे ठिपके देऊन) घ्या. एका वेळी एकच बाजू कापा. नवी पेटी आधी नुसती टाचा, मग दरवाजा परत टांगा, फट बघा, कर्ण पुन्हा मोजा. जुळलं तरच पक्कं वेल्डिंग, तेही थोडं इथे, थोडं तिथे. सलग ओढलेल्या वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा ओढला जातो. हे सगळं दोन दिवसांत होत नाही.

जुनी पेटी न काढता तिच्यावरच नवा पत्रा चढवून देणारेही आहेत. बाहेरून सुरेख दिसतं. आत खारी हवा आणि खानापूरचा पाऊस यांनी सुरू केलेला गंज झाकणाखाली वाढत राहतो, कारण पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली, आणि नव्या पत्र्याने पक्की बंद झालेली. हा धंदा मला चीड आणतो. पैसे गाडीवाल्याचे जातात आणि वर गाडीत बसणाऱ्यांचा जीव धोक्यात. मी फोटोवरून निकाल देत नाही. आधार देऊन काम करणारा, मापं लिहून ठेवणारा माणूस शोधा आणि कापण्याआधी त्याला गाडी दाखवा.

पुढचा दरवाजा उघडला की खाली झुकतो. लाकडाचा ठोकळा अडकवून दरवाजा उचलून दाबा, असं एकाने सांगितलं. (संकेश्वर)

असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. दरवाजा अर्धा उघडा, टोकाला धरून वर उचला आणि नजर बिजागरीवर ठेवा. पिन आपल्या भोकात खुळखुळताना दिसली तर ती झिजली आहे. ठोकळा लावून दाबल्याने खांबाचा पत्रा वाकतो, पिन तशीच राहते. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, चांगला टर्नर गाठा. भोक गोल करून, बुश (आत बसणारी धातूची नळी) घालून, मापाची पिन तो बनवून देईल. बिजागरी जुळवताना कुलपाचा खांबावरचा भाग, म्हणजे स्ट्रायकर, काढून ठेवा. नाहीतर तोच दरवाजाला वर उचलून धरतो आणि जुळलं असं उगाच वाटतं. खांबच चिरला असेल तर वेल्डिंगवाल्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नवीन रबर लावल्यापासून दरवाजा आपटावा लागतो. (बैलहोंगल)

रबर जाड किंवा कडक आहे. जुना तुकडा सोबत नेऊन ताडून आणा. रबराशिवाय दरवाजा बोटाने मिटत असेल तर दुसरीकडे हात लावू नका.

"फुल रिस्टोअर" म्हणून जाहिरात केलेली अँबेसेडर बघायला जातोय. लांबी किती भरली आहे ते कसं ओळखायचं? (चिक्कोडी)

छोटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या. चाकांच्या कमानी, दरवाजांच्या खालच्या कडा, हेडलाइटच्या भोवती फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे जाड लांबी आहे. २ मिमीपर्यंतची लांबी चालते, त्यापुढे ती पत्र्याचं काम करायला लागते आणि तडकते. फटीच्या आत बोट घाला. कड धारदार न लागता गोल, गुबगुबीत लागली तर फट लांबीने "जुळवलेली" आहे. चकचकीत रंगावर पैसे टाकू नका. इसार देण्याआधी ओळखीचा डेंटर सोबत न्या.

स्टँडर्ड हेराल्डचं पुढचं बॉनेट एका बाजूला दरवाजाला घासतं. (कॅम्प, बेळगाव)

हेराल्डला वेगळी चासी आहे आणि मडगार्डांसकट पूर्ण पुढचा भाग पुढच्या बाजूला उलटतो. त्यामुळे आधी बॉडी आणि चासी यांच्यामधले रबरी बैठक-तुकडे बघा. एका बाजूचे दबले असतील तर अख्खी बॉडी तिरपी बसते. ते बदलून, गाडी चाकांवर उभी करून, मग बॉनेटच्या पुढच्या बिजागऱ्या सरकवा. चासीच वाकलेली वाटत असेल तर मोजून घ्या, अंदाज नको.

१९६८ ची गाडी, कोल्हापूरची नोंदणी. दुसऱ्या गाडीची अख्खी बॉडी बसवली तर सोपं पडेल का? (निपाणी)

सोपं पडेल, पण महागात पडू शकतं. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. त्यात तुमची नोंदणी महाराष्ट्रातली आणि गाडी कर्नाटकात. मधल्या एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. आरटीओत स्वतः विचारा, तेही कापाकापीच्या आधी.

खंडेनवमीला गाडी पूजेला हवी. रंग आधी मारून जुळवणी नंतर केली तर? (वडगाव, बेळगाव)

नाही. रंगानंतर बिजागरी हलवली की कडा सोलतात. शिवाय रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात, म्हणजे आधीच तंग असलेली फट आणखी मिटते. काच, कुलूप, रबर सगळं लावून दरवाजे एकदा कोरे बसवा, कारण काचेच्या वजनाने दरवाजा खाली येतो. फटी पसंत पडल्या की खुणा करून सुटे करा आणि मग पेंटरकडे द्या. पूजा प्रायमर मारलेल्या गाडीचीही होते.