वाचकांचे प्रश्न: दीड लाखात ऑक्टाव्हिया आरएस मिळतेय, रेसिंगसाठी घेऊ का?

प्रश्न: नमस्कार, मी सांगलीचा, वय २६. आमचं छोटं वर्कशॉप आहे, लेथ वेल्डिंग सगळं घरचंच. ऑटोक्रॉस (आखलेल्या छोट्या ट्रॅकवर एकेकट्याने वेळ लावून गाडी पळवायची स्पर्धा) करायचीय, जमलं तर पुढे रॅली. बजेट सगळं मिळून पाच लाख. एक जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस दीड लाखात मिळतेय, मालक म्हणतो थोडा धूर मारते बाकी ओके. मित्र म्हणतात होंडा सिटी व्हीटेक बघ. काय घेऊ? आणि रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा पिंजरा, मी स्वतःच वेल्ड केला तर चालेल ना, पाइप पडलेत घरात.

उत्तर: ऑक्टाव्हिया नको. गाडी भारी आहे, १.८ टर्बो, १५० हॉर्सपॉवर, पण "थोडा धूर" म्हणजे टर्बोचे सील गेलेत नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, आणि या इंजिनात ऑइल वेळेवर बदललं नसेल तर आत स्लज, म्हणजे काळा चिकट गाळ, साठतो, म्हणजे दीड लाखाची गाडी घेऊन पहिला खर्च इंजिन उघडायचाच. दुसरं म्हणजे क्लास, इंजिनाच्या सीसीवरून पाडलेले स्पर्धेतले गट. एफआयए म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, तिच्या नियमात टर्बो गाडीचे सीसी १.७ ने गुणतात, म्हणजे ही १७८१ सीसीची गाडी हिशोबात तीन लिटरच्या वर जाते, मग तुम्ही कुणासमोर उभे राहणार ते बघा. म्हणून गाडी शोधायच्या आधी ज्या इव्हेंटला उतरायचंय त्याचं रेग्युलेशन मागवा आणि क्लास कसे पाडलेत ते नीट वाचा, एफएमएससीआयचं, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, कॉम्पिटिशन लायसन्सही लागेल त्याचं पण बघून ठेवा.

मित्र बरोबर सांगतायत. पहिल्या पिढीच्या सिटीतलं १.५ व्हीटेक, १०६ हॉर्सपॉवर, गाडी हलकी आणि इंजिनाला फिरायला आवडतं. नाहीतर मारुती एस्टीम, १.३ एमपीएफआय, ८५ हॉर्सपॉवर. आपल्याकडच्या कितीतरी ड्रायव्हरांचा हात एस्टीमवरच बसलाय आणि तिचं काम कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला येतं. स्वस्तातली खरी स्पोर्ट्स कार आपल्या बाजारात मिळतच नाही म्हटलं तरी चालेल, तिची जागा या दोन सेडान चालवतात.

पण माझं ऐकाल तर साधी गाडी घेऊन रेसिंगसाठी बनवायला बसू नका, कुणीतरी आधीच बनवलेली, दोनतीन सीझन पळालेली गाडी घ्या, कारण केज, सीट, सस्पेन्शन यावर त्या माणसाने जे घातलेत त्यातले निम्मेही त्याला विकताना परत मिळत नाहीत आणि तो फायदा तुमचा. पाचातले दीड-दोन लाख गाडीला, बाकीचे सेफ्टी, टायर, ब्रेक, एंट्री फी आणि फ्लॅटबेडच्या भाड्याला राहू द्या. सगळे पैसे गाडीत घालून पहिल्या इव्हेंटनंतर ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी करणारी पोरं बघितली की जीव तुटतो.

बघायला जाताना टॉर्च घेऊन जा. कार्पेट उचला, पुढच्या शॉकअपच्या टॉवरवरचा पत्रा बघा, जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, आत गेला तर पत्रा सडलाय, अशा शेलवर, म्हणजे गाडीच्या पत्र्याच्या सांगाड्यावर, केज बसवण्यात अर्थ नाही. सिटी आणि एस्टीम दोन्हींच्या इंजिनांत टायमिंग बेल्ट आहे, कधी बदलला ते कुणी ठाम सांगत नसेल तर आल्या आल्या बदला. ब्रेक ऑइल जुनं असेल तर लगेच काढून टाका, त्यात हवेतलं पाणी मुरतं. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरलं की १५५ पर्यंत येतो, आणि ते उकळलं की पेडल सरळ खाली जातं.

आता केज. घरातले पाइप म्हणजे जीआय किंवा शिवणीचे असणार, ते अजिबात नको. एफआयएच्या नियमावलीतल्या अपेंडिक्स जे मध्ये कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा, पाइप सांगितलाय, मेन हूपला, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या मुख्य कमानीला, ४५ मिमी व्यास बाय २.५ मिमी जाडी किंवा ५० बाय २. केजचे पाय टेकतात तिथे शेलला किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटीमीटरची प्लेट लागते. तुम्हाला वेल्डिंग येतं हे चांगलंच आहे, पण पहिला केज अनुभवी माणसाकडून बनवून घ्या, तुम्ही शेजारी उभे राहून शिका. बनलेली गाडी बघताना छताजवळच्या जॉइंटवरून बोट पूर्ण गोल फिरवा, वरच्या बाजूला टॉर्च पोचत नाही म्हणून तिथलं वेल्डिंग अर्धंच सोडलेलं असतं आणि वरून पेंट मारला की दिसत नाही. असा केज असेल तर सौदा तिथेच सोडा.

सीट आणि हार्नेसवरचं (रेसिंगच्या सीट बेल्टवरचं) एफआयएचं लेबल वाचा, त्यावर मुदत असते. मुदत संपलेलं सामान विकणारा "अजून कडक आहे" म्हणेल, घेऊ नका.

कागदाचं पण ऐका. सिटी २००१ ची असेल तर १५ वर्षं कधीच झाली, आरसी पाच पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, पर्यावरण कर वेगळा. रॅलीत एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजला रस्त्यानेच जायचं असतं म्हणून आरसी, इन्शुरन्स, पीयूसी जिवंत पाहिजे. कर्जाचा बोजा, थकलेले ई-चलान आधी तपासा. आणि मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदललेली गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय, त्यामुळे ऑफिसला पण तीच गाडी नेऊ हा विचार सोडून द्या. पहिल्या एक-दोन ऑटोक्रॉस घरच्या साध्या गाडीने करता आल्या तर करा, स्टॉक क्लास, म्हणजे बदल न केलेल्या गाड्यांचा गट, असतो का विचारा.

प्रश्न: माझ्याकडे बाइकचं महागातलं हेल्मेट आहे, तेच गाडीत चालेल का? — नाशिकहून एक वाचक

उत्तर: नाही. कारच्या हेल्मेटचं अस्तर आग सहज न पकडणारं असतं, बाइकच्या हेल्मेटला ती अट नाही. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल या संस्थेचं स्टिकर असेल तर अक्षरं बघा, एसए म्हणजे कारसाठी, एम म्हणजे बाइकसाठी. शिवाय मान सांभाळणारं, खांद्यावर बसणारं हान्स नावाचं उपकरण अडकवायला हेल्मेटवर दोन्ही बाजूंना अँकर लागतात, बाइकच्या हेल्मेटला ड्रिल मारून ते बसवायला जाऊ नका, शेल कमजोर होतं.