ऐन होळीत शिबीर लावलं, मग येणार कोण?

प्रश्न : ताई, आमचा पुण्यातला पंधरा जणांचा ग्रुप आहे. यंदा होळीच्या सुट्टीत मेळघाटात धारणीकडच्या एका गावात आरोग्य शिबीर घेतलं, डॉक्टर, औषधं सगळं आपल्या खर्चाने नेलं, आले फक्त नऊ जण. त्यात एका बाळाच्या पोटावर इलाज म्हणून दिलेल्या चटक्यांचे डाग दिसले, तर आमच्यातल्या एकाने भूमकाला, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूला, सगळ्यांसमोर झापलं, मग तेही नऊ जण उठून गेले. आमचं काय चुकलं? परत जावं का?

उत्तर : जावं, नक्की जावं, पण पहिल्या खेपेला औषधांचे खोके न घेता. अहो होळी म्हणजे तिथल्या कोरकू आदिवासींचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, चार-पाच दिवस चालतो, कामाला बाहेरगावी गेलेली माणसं त्यासाठी घरी येतात, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुणी रक्त तपासायला आलं तर आपण जाऊ का? तारीख गावाला विचारून ठरवायची, एवढं साधं आहे ते. आणि कोरकू ही काही मराठीची बोली नाही, तिचं नातं मुंडारी, संथालीशी, त्यामुळे समोरच्याने मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नका, गावातलीच कोरकू बोलणारी आशाताई सोबत घ्या.

आता भूमका. चटके बघून माझाही जीव तुटतो, ते थांबलंच पाहिजे, आदर म्हणजे सगळ्याला हो म्हणणं नव्हे. पण रात्री बाळ तापलं की त्या आईच्या हाकेला कोण धावतं? तोच ना! त्याचा चारचौघांत पाणउतारा केलात की ती आई पुढच्या वेळी बाळ तुमच्यापासून लपवणार. त्याच्या घरी जाऊन बसा, चहा घ्या, बाळ आधी दवाखान्यात पाठवा, गाडीचं आम्ही बघतो म्हणा. भूमकांनी पेशंट दवाखान्यात पोचवल्याची उदाहरणं मेळघाटातच आहेत.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था सुरू केली, तिथल्या गोंड लोकांना त्यांनी विचारलं की तुम्हाला दवाखाना कसा हवा, लोक म्हणाले मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. मग झोपड्यांच्या गावासारखा दवाखाना बांधला, घरच्यांना पेशंटजवळ राहता येईल असा, आणि नाव दिलं देवीचं, माँ दंतेश्वरी. आधी विचारलं, मग बांधलं, मला तर यातला हा क्रमच सगळ्यात मोलाचा वाटतो.

त्या बाळासाठी मात्र मी अंक निघायची वाट बघितली नाही, पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला मेसेज केला होता की आशाताईला फोन करा आणि जखम डॉक्टरला दाखवायला सांगा. दाखवली का? तेवढं कळवा.