विरहाचे गाणे रोज ऐकणे थांबवावे का?

प्रेमभंग किंवा घटस्फोट झाल्यावर एकच दुःखी गाणे दिवसरात्र ऐकणारी माणसे मला समुपदेशनात हमखास विचारतात, की या गाण्यामुळे आपण आणखी खचत तर नाही ना. याचे उत्तर मी एका अनुभवातून देते. संबंधित गृहस्थांच्या संमतीने, त्यांची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, तो येथे मांडत आहे.

अमेरिकेत टेनेसी राज्यात नोकरी करणारे हे चाळिशीतले गृहस्थ माझ्याशी ऑनलाइन बोलत. पत्नी मुलीला घेऊन वेगळी झाल्यावर एका सहकाऱ्याने त्यांना अमेरिकी कंट्री गायक जॉर्ज जोन्स यांचे १९८० मधील ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे गाणे ऐकवले आणि तेव्हापासून कामावरून परतताना गाडीत तेच सुरू असे. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन यांनी लिहिलेल्या या गाण्यातला माणूस मरेपर्यंत प्रेम करीन असे सांगतो आणि तो शब्द पाळतो. १९६२ सालच्या पत्रांतली प्रेमाची प्रत्येक कबुली त्याने लाल रंगाने अधोरेखित करून ठेवली आहे, आणि त्याचे प्रेम थांबते ते थेट त्याच्या मृत्यूच्या दिवशी. ‘‘मॅडम, मी यातून सावरलो तर माझं प्रेम खोटं होतं असंच ठरेल ना?’’ असे ते म्हणाले. त्यांची खरी भीती या प्रश्नात होती.

गाण्यातला कोणता भाग ते पुन्हा मागे नेऊन ऐकतात, हे मी विचारले. मधल्या एका कडव्यात जोन्स गाणे थांबवून नुसते बोलतात आणि ती सोडून गेलेली स्त्री त्याला शेवटचे पाहायला आली, असे सांगतात. हे गृहस्थ नेमके तेथेच अडकत. हे ऐकल्यावर मी आडपडदा न ठेवता विचारले, की जीव द्यावा असे कधी मनात येते का. तसे काही नाही, पण आपण गेलो तर ती येईल का, हा विचार मात्र सतत येतो, असे त्यांनी सांगितले. असा विचार वरवरचा समजून सोडून द्यायचा नसतो, म्हणून पुढच्या प्रत्येक भेटीत मी तो प्रश्न पुन्हा विचारत राहिले. (तुमच्या मनात असे येत असेल, तर भारतात टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ आणि अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर लगेच बोला.)

मग मी त्यांना सांगितले, की ती का सोडून गेली याबद्दल या गाण्यात एक अक्षरही नाही. ते तुम्ही लिहून आणा. त्यांनी जे लिहून आणले त्यात विरह थोडा आणि पश्चात्ताप फार होता. सासरे सांगलीत अत्यवस्थ असताना पत्नी एकटीच विमानात बसली, ‘प्रोजेक्ट संपल्यावर येतो’ असे हे म्हणाले आणि अखेर गेलेच नाहीत. विरह सोसावा लागतो, पण पश्चात्तापाला काहीतरी करता येते, आणि मला येथे सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले आहे, की तेच ते दुःख उगाळत बसल्याने उदासी लांबते. आपल्याकडून काय चुकले हे नेमके सांगून माफी मागणे हे त्याहून अगदी वेगळे काम आहे. मुलीच्या निमित्ताने दोघांचे बोलणे होतच असे. परत येण्याचा विषय न काढता, सांगलीच्या त्या प्रसंगाबद्दल त्यांनी छोटेसे पत्र लिहिले. ‘वाचलं’ एवढेच उत्तर आले. तेवढ्याने त्यांची झोप सुधारली नाही. ती हळूहळू, डॉक्टरांच्या औषधाने आणि रोजच्या चालण्याने सुधारली.

प्रेम खोटे ठरण्याच्या भीतीवर मी त्यांना खुद्द जोन्स यांचे चरित्र सांगितले. गायिका पत्नी टॅमी वायनेट यांच्याशी १९७५ मध्ये घटस्फोट झाला, दारूने पुरते पोखरले, तरी १९८३ मध्ये नॅन्सी यांच्याशी त्यांनी लग्न केले आणि २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो संसार टिकला. पुन्हा लग्न केले म्हणून त्यांच्या गाण्यातली आर्तता कोणी खोटी मानली नाही.

तेव्हा, गाणे बंद करू नका. रडून मन हलके होत असेल तर खुशाल ऐका. मात्र ऐकल्यावर झोप उडत असेल, माणसे टाळावीशी वाटत असतील किंवा स्वतःच्या मृत्यूचे चित्र डोळ्यांपुढे येत असेल, तर त्याच आठवड्यात समुपदेशकाला किंवा मनोविकारतज्ज्ञाला भेटा आणि कोणत्या ओळीवर अडकता तेही त्यांना सांगा.