लग्न करायचं नाही, पण "म्हातारपणी कोण बघणार?" याला काय उत्तर देऊ?

"यंदा लाडू कधी?" हे हसून सोडून द्या. म्हातारपणाचा प्रश्न मात्र खरा आहे, विचारणाऱ्या मावशीचा हेतू काहीही असो. त्याला वाद नको, कागद हवेत.

फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म तीन प्रतींत, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह द्या. कमिटीच्या बैठकीत नोंद झाली की एक प्रत सहीशिक्क्यानिशी परत घ्या. इथेच बहुतेक जण फसतात: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने (१९५६) अविवाहित मुलाचं सगळं आधी आईकडे जातं. मुलीचं आई-वडील दोघांकडे. मैत्रिणीला किंवा भाचीला द्यायचं असेल तर मृत्युपत्राला पर्याय नाही. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वडील नॉमिनी होते, ते गेले आणि नाव कुणी बदललंच नाही, हे तर गिरगावपासून बोरिवलीपर्यंत सर्रास.

आरोग्य विमा स्वतःचा घ्या. ऑफिसचा नोकरीबरोबर जातो. आणि रात्री दोनला हॉस्पिटलात कोण येईल, ते नाव आजच त्या माणसाला विचारून ठरवा.

मावशींना एवढंच सांगा: "सोय केलीय." तपशील मागितला तर चहा टाका.