तिकीट हातात आहे आणि पाऊल उचलत नाही

प्रश्न : ताई, मी २० वर्षांची आहे. परदेशातल्या एका विद्यापीठात एका सत्रासाठी माझी निवड झाली आहे. अर्ज मीच हौसेने केला होता. आता निघायला १६ दिवस उरले आहेत आणि मला रोज रात्री तीन वाजता जाग येते. त्या शहरात माझ्या ओळखीचे कोणी नाही. तिथली भाषा मला वाचता येते, पण बोलताना मी अडखळते. सगळे मला नशीबवान म्हणतात, त्यामुळे मनातले कोणाला सांगताही येत नाही. रोज तीन वेळा व्हिडिओ कॉल करीन, असे मी आईला कबूल केले आहे. आता जाणे रद्द केले तर फार मोठी चूक होईल का?

उत्तर : प्रिय मैत्रिणी,

सगळे नशीबवान म्हणतात म्हणून कोणाला सांगता येत नाही, हे तुझे वाक्य मी दोनतीनदा वाचले. तुझी झोप प्रवासाच्या भीतीने उडाली आहे हे खरेच, पण ती भीती एकटीने सांभाळावी लागते आहे यानेही ती तितकीच उडाली असावी. म्हणून आधी हे पत्र आईला वाचून दाखव. ती घाबरेल अशी तुला काळजी वाटत असेल. पण मुलगी पहाटे तीन वाजता जागी असते हे आईला कळलेच नसेल, असे मला वाटत नाही.

रद्द करण्याचा विचार करताना स्वतःला एकच प्रश्न विचार : अर्ज भरताना जे ठाऊक होते, त्यापेक्षा आज नवे काय कळले आहे? घरात कोणी गंभीर आजारी पडले असेल किंवा पैशांची जुळणी मोडली असेल, तर जाणे पुढे ढकलण्यात कमीपणा नाही, आणि विद्यापीठाला ते जितके लवकर कळवशील तितके चांगले. तुझ्या पत्रात मात्र असे काही दिसत नाही. फक्त तारीख जवळ आली आहे. तेव्हा माझे उत्तर स्पष्ट आहे : तू जावेस.

तुला जे होते आहे ते फार जुने आहे. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, जेमतेम तुझ्याच वयात, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे घराच्या ओढीने होणाऱ्या आजारावर प्रबंध लिहिला आणि ‘घरी परतणे’ व ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याला ‘नॉस्टाल्जिया’ हे नाव दिले. त्यातला एक रुग्ण शिकण्यासाठी बर्नहून बाझेलला आलेला तरुण होता. तो तापाने आणि बेचैनीने इतका खंगला की त्याची आशा सोडली गेली, आणि घरी न्यायला निघाल्यावर वाटेतच तो सुधारू लागला. ही दोन्ही शहरे एकाच देशातली, आजच्या रस्त्याने एकमेकांपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहेत. त्या काळी ही अवस्था जिवावरचा आजार मानली गेली. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेकांच्या बाबतीत ती येते आणि ओसरते.

ती कधी येते, हे आधीच जाणून घेतलेले बरे. परदेशी गेल्यावर सुरुवातीचे दिवस नवलाईचे असतात आणि उदासी नंतर येते, अशी समजूत बरीच वर्षे रूढ होती. परंतु १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला शिकायला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा अडचणी सर्वांत जास्त अगदी पोहोचतानाच होत्या आणि पुढे कमी होत गेल्या, असे आढळले. म्हणून पहिल्या आठवड्यात तुला आनंद झाला नाही तर आपले काही बिनसले आहे असे मानू नकोस, आणि पहिले चार आठवडे संपेपर्यंत परतण्याचा निर्णय घेणार नाही, असे आजच एका कागदावर लिहून ठेव.

मीही एका सत्रासाठी परदेशी गेले होते. पहिल्या रात्री खोलीतली खिडकी उघडायला मी मूठ वर फिरवली आणि अख्खे तावदान वरच्या बाजूने आत कलले. ते निखळून अंगावर येणार या भीतीने मी कितीतरी वेळ दोन्ही हातांनी ते धरून उभी होते आणि रडत होते. सकाळी शेजारच्या खोलीतल्या मुलीने दाखवले की ती खिडकी तशीच असते. मूठ आडवी केली की दारासारखी उघडते, वर केली की हवेपुरती कलते. नव्या जागी माणूस थकतो तो अशाच गोष्टींनी, ज्या घरी हात आपोआप करत असतात. तेव्हा शेजारचे दार पहिल्याच दिवशी वाजव. माझ्या त्या सत्रातली सगळ्यात जवळची मैत्रीण त्या खिडकीमुळे मिळाली.

शक्य असेल तर वर्ग सुरू होण्यापूर्वी चारपाच दिवस आधी आणि दिवसाउजेडी पोहोच. शरीराचे घड्याळ साधारणपणे दिवसाला तासभरच सरकते आणि पूर्वेकडे प्रवास केल्यास अधिक त्रास देते, त्यामुळे सुरुवातीच्या रडण्यातला बराचसा वाटा अपुऱ्या झोपेचा असतो. दिवसा बाहेर उजेडात चाल आणि दुपारी लांब झोप काढू नकोस. मूळ कागदपत्रे, औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत हवी. तिथे शिकलेले विषय इथल्या पदवीत धरले जातील, याची लेखी संमती निघण्याआधी घे. खोली ताब्यात घेताना भिंती आणि सामानाचे फोटो काढ. अनामत रकमेवरून वाद झाला तर ते कामी येतात.

भाषेचे म्हणशील तर व्याख्यान तुला लवकर समजू लागेल, कारण तिथे एकच माणूस सलग, एकाच विषयावर बोलत असतो. कॅन्टीनमधल्या पाचजणांच्या गप्पा समजायला बराच वेळ लागतो, आणि त्या समजल्या नाहीत म्हणून तू अभ्यासात कच्ची ठरत नाहीस. पहिल्या तासानंतर शिक्षकांना भेटून आपली अडचण सांग. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच माणसांना भेटवणारे काहीतरी धर : गाण्याचा गट, एखादा खेळ, काहीही. ओळख व्हायला गोड बोलता यावे लागत नाही, पुन्हा पुन्हा दिसावे लागते.

पण दोन आठवडे जेवण आणि झोप दोन्ही तुटले, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर एक दिवसही न थांबता विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा आणि घरीही सांग. समुपदेशकाचा फोन नंबर इथूनच मोबाइलमध्ये घालून ने.

आता व्हिडिओ कॉल. रोज तीन वेळा कॉल करण्याचा शब्द प्रेमाने दिलेला आहे, पण तो पाळायला गेलीस तर संध्याकाळी बाकीची मुले एकत्र बाहेर पडतील तेव्हा तू खोलीत फोनसमोर बसलेली असशील. शिवाय दिवसातून तीनदा आईचा चेहरा पाहून आवाज सावरणे, हे दोघींनाही दमवते. पहिला आठवडा रोज एकदा ठरलेल्या वेळी बोला, नंतर आठवड्यातून दोनदा. मधल्या दिवसांत खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचा एखादा फोटो पुरेसा आहे. एखादा कॉल चुकला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काळजी करायची नाही, हेही आधीच ठरवा. पत्र वाचून दाखवशील त्याच बैठकीत हे वारही ठरवून टाका, आणि ते आईला तिच्या हाताने कॅलेंडरवर लिहू दे.

तुझी,
ताई