स्वमग्न मूल आणि शाळेची सहल

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून पुण्यातील एका शाळेत चौथीत शिकतो. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे व मोजकेच शब्द बोलतो. वर्गाची सहल कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाणार आहे. परंतु ‘गर्दीत तो निघून गेला तर जबाबदारी कोणाची?’ असे म्हणून वर्गशिक्षिकांनी त्याला त्या दिवशी घरी ठेवण्यास सुचवले आहे. त्यांची भीती मला समजते, पण त्याला मागे ठेवणे मनाला पटत नाही. काय करावे?
— एक आई, पुणे

उत्तर : बाईंची भीती अनाठायी नाही. अमेरिकेतील बाराशेहून अधिक कुटुंबांची एक पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत जवळपास निम्म्या स्वमग्न मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले होते. तरीही मुलाला घरी ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ नुसार शासनमान्य शाळांनी दिव्यांग मुलांना खेळाच्या व करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्यायच्या आहेत. हे कलम तुम्हाला ठाऊक असावे; मात्र बोलण्याची सुरुवात त्याने करू नका. शाळेत जाताना एका कागदावर लिहिलेली तयारी सोबत न्या.

त्या कागदावर सर्वांत आधी तुमचा मुलगा कशाकडे धावतो आणि कशापासून पळतो, हे लिहा. ही दोन वेगवेगळी कारणे आहेत. पाणी, कारंजे किंवा फिरते चाक दिसताच एखादे मूल तिकडे ओढले जाते. दुसरे मूल कर्णा, कुत्र्याचे भुंकणे किंवा उग्र वास असह्य होऊन वाट फुटेल तिकडे निघते. पहिल्याला अडवावे लागते, दुसऱ्याला वेळीच शांत जागी न्यावे लागते. कात्रजच्या आवारात तलाव आहे. त्यामुळे तुमच्या मुलाला पाण्याची ओढ असेल, तर ही बाब बाईंना आजच सांगा.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याच्यासाठी एकच प्रौढ व्यक्ती नावानिशी नेमली जावी. ‘आम्ही सगळे लक्ष ठेवू’ या आश्वासनावर समाधान मानू नका, कारण सगळ्यांवर सोपवलेले काम प्रत्यक्षात कोणाकडेच नसते. मुले बहुधा पिंजऱ्यासमोर हरवत नाहीत. बसमधून उतरताना, स्वच्छतागृहाबाहेर आणि डबे उघडताना, म्हणजे मोठ्यांचे लक्ष विभागलेले असताना ती दिसेनाशी होतात. त्यामुळे नेमलेल्या व्यक्तीला दोन मिनिटे जरी बाजूला जायचे असले, तरी ‘आता हा तुमच्याकडे’ असे दुसऱ्याला स्पष्ट सांगून, त्याने होकार दिल्यावरच तिने हलावे. ती व्यक्ती आईच असावी, अशी अट शाळेने घालू नये. तुम्हाला स्वतःहून जायचे असेल तर अवश्य जा. पण शॅडो टीचर (शाळेत मुलासोबत राहून त्याला मदत करणारी शिक्षिका) किंवा त्याच्या ओळखीच्या मावशी सोबत असल्या, तर त्याला वर्गमित्रांबरोबर सहलीचा आनंद अधिक मोकळेपणाने घेता येईल.

आधीच्या आठवड्यात, गर्दी नसेल अशा दिवशी त्याला तिथे एकदा नेऊन आणा (बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असते). बस, प्रवेशद्वार, डबा खाण्याची जागा आणि परतीची बस यांची छायाचित्रे क्रमाने लावून त्याला रोज दाखवा. पुढे काय होणार हे कळले की बरीचशी अस्वस्थता आपोआप ओसरते. सहलीच्या सकाळी त्याच कपड्यांतले त्याचे छायाचित्र काढून बाईंच्या मोबाईलवर पाठवा. फोन क्रमांकाचा पट्टा त्याला सहन होत नसेल, तर क्रमांक सदऱ्याच्या आतल्या बाजूला शिवा. नाव मात्र बाहेरून दिसेल असे लावू नका. जीपीएस घड्याळाची मदत होते, परंतु ते मूल कोठे गेले एवढेच सांगते, त्याला थांबवत नाही. तहान, ऊन किंवा ठेच लागल्याचे तो बोलून दाखवीलच असे नाही. म्हणून पाणी ठरावीक वेळाने, न मागता द्यायला सांगा. फिट्स येत असतील तर औषध आणि ते देण्याची लेखी पद्धत सोबत द्या.

प्रश्न : सहलीत असे मूल दिसेनासे झाले, तर पहिल्या काही मिनिटांत शिक्षकांनी काय करावे?
— एक शिक्षक, सातारा

उत्तर : आधी पाण्याकडे जा, मग रस्त्याकडे, कारण तिथे उशीर परवडत नाही. त्याच वेळी एकाने प्रवेशद्वारावर उभे राहावे आणि उरलेल्यांनी बाकीच्या मुलांना एका जागी बसवून ठेवावे. सर्वांनी मिळून मोठ्याने हाका मारणे टाळा, कारण गोंगाटाने घाबरलेले मूल अधिक लांब जाते किंवा लपून बसते आणि नावाला ओ देईलच याचा भरवसा नसतो. ओळखीच्या आवाजात, त्याच्या आवडीच्या शब्दाने बोलावणे अधिक उपयोगी पडते.

जवळपास दोन-चार मिनिटांत दिसले नाही, तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा आणि मूल स्वमग्न आहे, बोलत नाही, पाण्याकडे जाऊ शकते, हे आधी सांगा. हरवलेल्या अल्पवयीन मुलाची तक्रार आल्यावर लगेच गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे चोवीस तास थांबण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. पालकांनाही त्याच वेळी कळवा. शाळेचे नाव खराब होईल या भीतीने त्यांना उशिरा सांगितले, तर मूल कोठे गेले असेल हे सर्वांत अचूक सांगू शकणाऱ्या माणसांची मदतच आपण गमावतो.

मूल सापडल्यावर त्याला रागावू नका आणि सगळ्यांनी त्याच्याभोवती गर्दी करू नका. त्याला काही लागले आहे का ते पाहा, पाणी द्या, आणि ते कोणत्या जागेवरून, कशाकडे गेले याची नोंद त्याच दिवशी लिहून पालकांना व मुख्याध्यापकांना द्या.