मार्चमध्ये अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या ऑलिम्पिक द्वीपकल्पाची गाडीने फेरी मारावी का, की पावसात सगळं वाया जाईल?

बिनधास्त जा. मार्चअखेरीस सिएटलहून तीन दिवस मिळतायत, पण अंदाजात रोज पाऊस दिसतोय, असं तुम्ही लिहिलंय. तो दिसणारच! मी इकडेच राहतो आणि मला ही फेरी जुलैपेक्षा मार्चमध्येच आवडते. गर्दी नसते आणि रान ऐन रंगात असतं.

पाऊस सगळीकडे सारखा नसतो, हे मात्र लक्षात घ्या. मधोमध ऑलिम्पस पर्वत आहे, 2,432 मीटरचा. समुद्रावरून आलेले ढग पश्चिमेच्या उतारावर रिकामे होतात. होहच्या जंगलात वर्षाला साधारण 3,500 मिलिमीटर पाऊस, तर डोंगराआडच्या स्क्विमला जेमतेम 400. आपलं महाबळेश्वर आणि वाई आठवा. म्हणून फेरीबोटीने बेनब्रिजला उतरून स्क्विम, पोर्ट अँजेलिस असं जा. क्रेसेंट तलाव बघून मुक्काम फोर्क्सला. मग हायवे 101 ने किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे.

हरिकेन रिज या डोंगरमाथ्याच्या नादी फार लागू नका. या दिवसांत तो घाटरस्ता शनिवार-रविवारच्या आसपास, तेही हवा बरी असेल तरच उघडतात आणि गाडीत बर्फासाठी टायरच्या साखळ्या लागतात.

रियाल्टो बीचला जाण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. होल-इन-द-वॉल हा आरपार भोक पडलेला खडक उत्तरेला अडीचेक किलोमीटरवर आहे आणि त्यातून पलीकडे ओहोटीलाच जाता येतं. किनाऱ्यावर पडलेल्या अजस्र ओंडक्यांवर भरतीच्या वेळी बसू नका. लाट आली की ते हलतात आणि माणूस खाली सापडतो.

होहचा रस्ता वादळात तुटतो. डिसेंबर 2024 मध्ये नदीने तो खाल्ला, तेव्हा थेट मे 2025 मध्ये सुरू झाला. नॅशनल पार्कच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून घ्या. बंद असला तर हळहळू नका, क्विनॉल्टला जा. जंगल तसंच, आणि माझ्या मते जास्त निवांत. तिथे एखाद्या आडव्या पडलेल्या झाडाजवळ खाली वाकून बघा. त्याच्या कुजणाऱ्या सालीवर शेवाळात हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची बोटभर रोपं ओळीने उगवलेली असतात. पुढे ओंडका कुजून जातो आणि मोठी झाडं मुळांच्या पायांवर अधांतरी उभी राहतात. रस्त्याकडेच्या चिखलात पिवळीधमक स्कंक कॅबेज फुललेली दिसेल. अळू-सुरणाच्या कुळातली, दिसायला देखणी. वास घेऊ नका!

छत्री घरीच ठेवा, वाऱ्यात तिचा काही उपयोग नाही. टोपीवालं जलरोधक जॅकेट आणि बुटांचा दुसरा जोड घ्या. फोर्क्सला पेट्रोलची टाकी भरा, पुढे पंप विरळ आहेत. नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा, कारण बऱ्याच पट्ट्यात रेंज नसते. द्वीपकल्पाच्या वायव्य टोकाचं केप फ्लॅटरी करणार असाल तर एक दिवस वाढवा. ती मका (Makah) या मूलनिवासी जमातीची जमीन आहे, तिथला परवाना नीआ बे गावात वेगळा काढावा लागतो. पार्कचा पास तिथे चालत नाही.